ज्या नाट्यगृहात बसलो, तेच समोरच्या पडद्यावर! रंगमंचावरचं ‘खोटं शहर’ नेमकं कुणाच्या डोळ्यांसाठी असतं?

२६ मे १८२१. बर्लिनमधल्या जेन्डार्मेनमार्क्ट या चौकात एक नवं कोरं नाट्यगृह उघडणार होतं. चारच वर्षांपूर्वी याच जागेवरचं जुनं नाट्यगृह आगीत खाक झालं होतं, त्यामुळे नव्या इमारतीबद्दल शहरात भरपूर उत्सुकता होती. लोक बाहेरचे उंच खांब बघत आत आले, आपापल्या जागेवर बसले. पडदा उघडला.

समोर दिसलं तेच नाट्यगृह.

तोच चौक, आजूबाजूची तीच दोन चर्च, आत येताना पाहिलेले तेच खांब. ज्या इमारतीच्या पोटात प्रेक्षक बसले होते, ती बाहेरून कशी दिसते हे त्यांना आत बसवून दाखवलं जात होतं. तेही एका सपाट कापडावर.

ही इमारत ज्यानं उभी केली, त्याच माणसानं तो पडदाही योजला होता. त्याचं नाव कार्ल फ्रीडरिश शिंकेल. जर्मनीत निओक्लासिकल, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन वळणाच्या वास्तुकलेतलं हे सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. पण शिंकेलनं नाटकांचे आणि ऑपेरांचे सेटही केले, आणि ते करताना सव्वादोनशे वर्षं चालत आलेली एक पद्धत मोडीत काढायचा प्रयत्न केला, हे फार कमी जणांना माहीत असतं.

ती पद्धत काय होती? कापड आणि लाकडावर रंग मारून आख्खं शहर कसं उभं करायचे? आणि ते शहर सभागृहातल्या सगळ्यांना खरं वाटायचं, की एखाद्यालाच? सविस्तर समजून घेऊ.

आधी क्रिकेटच्या मैदानावर जाऊ

टीव्हीवर क्रिकेटची मॅच बघताना सीमारेषेजवळ, यष्ट्यांच्या मागे कंपन्यांचे लोगो उभे केल्यासारखे दिसतात. एखादा फिल्डर धावत येतो आणि थेट त्या ‘उभ्या’ लोगोवरून चालत जातो. तेव्हा लक्षात येतं की तिथे उभं असं काहीच नाही. गवतावर रंगवलेला, वेडावाकडा ताणलेला एक लोगो आहे.

तो बरोबर दिसतो, कारण तो एका ठरावीक कॅमेऱ्यासाठी रंगवलेला असतो. स्टँडमध्ये बसलेल्या प्रेक्षकाला तोच लोगो लांबुळका, विचित्र दिसतो.

रंगमंचावरच्या खोट्या शहराचं गणितही हेच आहे. लांब जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडा आपल्याला दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारख्या दिसतात. लांबची घरं लहान दिसतात. यालाच पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. आता उलटा विचार करा. मागची घरं मुद्दामच लहान बांधली, जमीन मागच्या बाजूला हळूहळू चढवत नेली आणि रस्ता मागे निमुळता केला, तर काही पावलांचा रस्ता लांबच लांब भासेल.

फक्त अट एकच. बघणाऱ्याचा डोळा नेमक्या जागी हवा.

विचेन्झाचे सात रस्ते

ही युक्ती आजही प्रत्यक्ष बघायची असेल तर इटलीतल्या विचेन्झा शहरात जावं लागेल. तिथलं ‘तेआत्रो ओलिम्पिको’ हे नाट्यगृह आंद्रेआ पल्लादिओ या वास्तुकारानं १५८० मध्ये रेखलं. त्याच वर्षी पल्लादिओचं निधन झालं. पुढचं काम विन्चेन्झो स्कामोझ्झीकडे गेलं आणि ३ मार्च १५८५ रोजी सोफोक्लीसच्या ‘राजा ईडिपस’ या नाटकानं ते उघडलं.

पल्लादिओनं रंगमंचामागे प्राचीन रोमन पद्धतीची भव्य भिंत योजली होती. तिच्यात दारं आणि कमानी होत्या. स्कामोझ्झीनं त्या दारांच्या मागे सात रस्ते बांधले. नाटक ईडिपसचं, त्यामुळे ते थीब्ज नगरीचे रस्ते. लाकूड आणि गिलावा वापरून केलेली ही घरं मागे मागे लहान होत जातात, जमीन चढत जाते आणि समोरून बघताना वाटतं की रस्ता थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला निघाला आहे.

एक अडचण मात्र आहे. या रस्त्यावर नट मागे चालत गेला तर तो घरांपेक्षा उंच दिसू लागतो. दोन मजली घराच्या खिडकीपाशी त्याचं डोकं! म्हणजे हे शहर बघायचं, त्यात राहायचं नाही. नटांनी भिंतीच्या पुढे थांबायचं आणि शहरानं मागे शोभेला उभं राहायचं.

राजाचा डोळा

नेमक्या जागेच्या अटीला एक सामाजिक बाजूही होती.

सोळाव्या-सतराव्या शतकात अशी नाटकं बहुतेक वेळा दरबारात व्हायची. खर्च राजाचा किंवा ड्यूकचा. मग सगळ्या रेषा जिथून बरोबर जुळतात, ती जागा कुणाची असणार? निकोला साब्बातीनी या इटालियन रंगतंत्रज्ञानं १६३८ मध्ये सेट आणि यंत्रं कशी करायची यावर एक पुस्तक छापलं. राजाची बसायची जागा कशी निवडावी, हेही त्यात सांगितलं आहे.

राजाला समोर सलग शहर दिसायचं. त्याच्या शेजारच्यांना थोडं तिरकं. अगदी बाजूला बसलेल्यांना मात्र मधल्या फटी, लाकडी चौकटी आणि विंगेत उभं राहून तोंडावर रंग चढवणारा नटसुद्धा दिसायचा. भास तुम्हाला किती खरा वाटतो, यावरून तुमची दरबारातली जागा कळायची.

काही क्षणांत राजवाड्याचं जंगल

विचेन्झाचं शहर पक्कं बांधलेलं होतं, बदलता न येणारं. पण ऑपेराला एका रात्रीत राजवाडा, समुद्र, नरक आणि स्वर्ग सगळं हवं होतं. त्यामुळे बांधलेल्या घरांच्या जागी रंगवलेल्या सपाट विंगा आल्या. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना एकामागे एक उभ्या केलेल्या, मागच्या बाजूला लहान होत जाणाऱ्या आणि शेवटी एक पडदा.

जाकोमो तोरेल्लीनं १६४० च्या दशकात व्हेनिसमध्ये या विंगांना एक यंत्र जोडलं. रंगमंचाच्या पाटात खाचा. खाचांमधून वर आलेले खांब, त्यांना अडकवलेल्या विंगा. खाली तळघरात हे खांब चाकांच्या गाड्यांवर उभे. सगळ्या गाड्यांचे दोर एकाच मोठ्या आडव्या दांड्याला बांधलेले. दांडा फिरवला की राजवाड्याच्या सगळ्या विंगा एकदम आत आणि जंगलाच्या विंगा एकदम बाहेर. तेही पडदा न पाडता, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत.

स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळच्या ड्रॉटनिंगहोम राजवाड्यातलं १७६६ चं नाट्यगृह याच तत्त्वावर चालतं. १७९२ मध्ये राजा तिसरा गुस्ताव याची हत्या झाली आणि हळूहळू हे नाट्यगृह विस्मरणात गेलं. १९२१ मध्ये आग्ने बेयर हे अभ्यासक तिथे पोहोचले, तेव्हा धुळीखाली जुनी यंत्रं आणि जुने सेट शाबूत होते. आजही तिथे त्या जुन्या यंत्रणेवर ऑपेरा होतात.

याच परंपरेत बिबिएना या इटालियन घराण्यानं आणखी एक डाव टाकला. फेर्दिनान्दो बिबिएनानं १७११ च्या आपल्या ग्रंथात सेटची इमारत समोरून न दाखवता कोपऱ्यातून दाखवायची पद्धत मांडली. रेषा आता मधल्या एका बिंदूकडे न जाता डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना पळू लागल्या. राजवाड्याचा एकच कोपरा दिसणार, उरलेला अवाढव्य भाग प्रेक्षकानं मनात पूर्ण करायचा. राजाच्या खुर्चीची मक्तेदारी इथे थोडी सैल झाली. पण सेट मात्र आणखी भरगच्च झाले. खांबांवर खांब, जिन्यांवर जिने, नक्षीवर नक्षी.

निओक्लासिकल म्हणजे नेमकं काय?

अठराव्या शतकाच्या मध्यावर या भरगच्चपणाचा कंटाळा येऊ लागला. इटलीत हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये आणि पॉम्पेचं १७४८ मध्ये सुरू झालं होतं. ज्वालामुखीच्या राखेखालून दीड हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची घरं, भिंतीवरची चित्रं बाहेर येत होती. जर्मन अभ्यासक विन्केलमान प्राचीन ग्रीक कलेतल्या साधेपणाचे गोडवे गात होता. सरळ रेषा, मोकळ्या भिंती, मोजके खांब असं नवं वळण वास्तुकलेत आलं. हेच निओक्लासिकल वळण.

नाट्यगृहात या वळणानं वेगळाच प्रश्न विचारला. प्राचीन ग्रीक नाट्यगृह अर्धवर्तुळाकार असायचं, पायऱ्यापायऱ्यांचं. मग आपल्याकडे साधी माणसं उभी का?

क्लोद-निकोला लदू या फ्रेंच वास्तुकारानं बेझान्सों शहरात १७८४ मध्ये उघडलेल्या नाट्यगृहात खालच्या वर्गातल्या प्रेक्षकांनाही बसायला जागा दिली. या नाट्यगृहाचं त्यानं केलेलं एक चित्र प्रसिद्ध आहे. त्यात एक भलामोठा डोळा आहे आणि त्याच्या बुबुळात अर्धवर्तुळाकार रांगा असलेलं प्रेक्षागृह. तो डोळा कुणाचा, हे चित्रात सांगितलेलं नाही. पण नाट्यगृह म्हणजे शेवटी कोण कुठून बघतो याचा हिशोब आहे, हे यापेक्षा थोडक्यात सांगणं अवघड आहे.

काम नसलेला आर्किटेक्ट

आता पुन्हा शिंकेलकडे येऊ.

शिंकेलचा जन्म १७८१ चा. वास्तुकलेचं शिक्षण झालं, इटलीचा प्रवास झाला आणि तो १८०५ मध्ये बर्लिनला परतला. पुढच्याच वर्षी नेपोलियननं प्रशियाचा दणदणीत पराभव केला. बर्लिनमध्ये फ्रेंच सैन्य शिरलं. सरकारी तिजोरीत पैसा नाही, त्यामुळे इमारती बांधायला कुणी तयार नाही.

मग शिंकेल चित्रांकडे वळला. त्या काळी मोठ्या कापडावर शहरांची, दूरदेशांची दृश्यं रंगवून, मागून-पुढून उजेड टाकून तिकीट लावून दाखवायची टूम होती. शिंकेलनं बर्लिनकरांना पालेर्मो शहर दाखवलं, जगातली सात आश्चर्यं दाखवली, नेपोलियनच्या काळात जळणारं मॉस्कोही दाखवलं. सपाट कापडासमोर बसलेली गर्दी उजेडाच्या मदतीनं कुठेही नेता येते, हे तो इथे शिकला.

१८१३ मध्ये त्यानं बर्लिनच्या राजनाट्यगृहाचा संचालक इफलांड याच्यासमोर रंगमंच सुधारण्याचा एक प्रस्ताव ठेवला. त्याचं म्हणणं साधारण असं होतं: या विंगांच्या रांगा काढून टाका. खोलीचा खोटा आव कशाला आणायचा? मागे एक मोठा, उत्तम रंगवलेला पडदा लावा. जागेची ओळख त्यानं पटवावी, नटांनी पुढे मोकळेपणानं अभिनय करावा.

इफलांडनं ते मान्य केलं नाही. पण १८१४ मध्ये त्याचं निधन झालं आणि नंतर आलेल्या काउंट ब्र्यूलनं शिंकेलला बोलावलं. तिथून पुढे शिंकेलनं ४० हून जास्त नाटकं आणि ऑपेरांचे सेट केले.

छत्रीच्या काड्या आणि ताऱ्यांचा घुमट

त्यातला सर्वांत गाजलेला सेट मोत्सार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’ या ऑपेराचा. १८ जानेवारी १८१६ रोजी बर्लिनच्या ऑपेरा हाउसमध्ये त्याचा प्रयोग झाला. गोष्टीला इजिप्तची पार्श्वभूमी. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर तिथल्या मंदिरांची चित्रं युरोपात छापून आली होती, त्यामुळे त्या वातावरणाचं वेडही होतं. शिंकेलनं जाडजूड खांबांची मंदिरं, गुहा, बागा अशी एकाहून एक दृश्यं केली.

पण आजही पोस्टरांवर आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर दिसतं ते दृश्य आहे ‘रात्रीच्या राणी’चं. गडद निळं आकाश. खाली ढग. मध्ये चंद्रकोरीवर उभी असलेली एकटी राणी. आणि तिच्या वर ताऱ्यांचा घुमट.

इथे घुमट रंगवलेलाच नाही. खांब नाही, कमान नाही, भिंत नाही. फक्त तारे आहेत. खरे तारे आकाशात कसेही विखुरलेले असतात. शिंकेलनं ते ओळीत लावले, आणि त्या ओळी छत्रीच्या काड्यांसारख्या वरून खाली वळवत आणल्या. उघडी छत्री आतून बघितल्यावर काड्यांमुळे तिचा गोलावा कळतो ना, तसंच. डोळा त्या ठिपक्यांना जोडतो आणि सपाट कापड आपोआप आत वळतं. आकाशाची इमारत होते.

निओक्लासिकल शिस्त आणि रंगमंचावरचा भास इथे एकत्र येतात. बिबिएनानं हाच परिणाम साधायला शंभर खांब रंगवले असते.

मग फायदा कुणाचा झाला?

नियमानुसार बघितलं तर सपाट चित्रालाही एकच नेमकी जागा असते. मग शिंकेलनं वेगळं काय केलं?

फरक चुकण्याच्या पद्धतीत आहे. विंगांच्या रांगा बाजूनं बघितल्या की शहराचे तुकडे पडतात. खिडकी एकीकडे, तिचं छत दुसरीकडे आणि मध्ये काळोखी फट. सपाट पडदा बाजूनं बघितला तर तो थोडा तिरका दिसतो, पण तुटत नाही. घरातल्या भिंतीवरचं चित्र आपण कुठल्याही कोपऱ्यातून बघतो आणि ते आपल्याला चालतं, तसंच हे. राजाला जरा कमी खोली मिळाली, पण वरच्या मजल्यावरच्या माणसाला आख्खं चित्र मिळालं.

अर्थात शिंकेल काही क्रांतिकारक नव्हता. तो सरकारी नोकरीत होता, त्याच्या नाट्यगृहात राजासाठी खास कक्ष होताच आणि मजल्यांनुसार प्रेक्षकांची प्रतवारीही होती. पण पडद्यावरचं चित्र ठरवताना त्यानं एका खुर्चीपलीकडचा विचार केला.

आगीत गेलं ते गेलंच

या कलेला एक शाप होता. लाकूड, कापड, रंग आणि त्यांच्या अगदी जवळ जळणारे शेकडो दिवे.

३ ऑगस्ट १८१६ रोजी ई. टी. ए. हॉफमानचा ‘उंडीने’ हा ऑपेरा शिंकेलच्या सेटवर रंगला. प्रयोग गाजत असतानाच २९ जुलै १८१७ रोजी जेन्डार्मेनमार्क्टवरचं नाट्यगृह जळालं. ‘उंडीने’चे सेटही त्यात गेले.

नवं नाट्यगृह बांधायचं काम शिंकेललाच मिळालं. जुन्या इमारतीचे आगीतून वाचलेले खांब त्यानं नव्या दर्शनी भागात पुन्हा वापरले. म्हणून मग त्या पहिल्या रात्रीच्या पडद्याचा अर्थ नीट लागतो. जळालेल्या जागी पुन्हा उभी राहिलेली आपली इमारत, आपला चौक, आपलं शहर त्यानं प्रेक्षकांसमोर धरलं. थीब्ज नाही, इजिप्त नाही, कुठल्या राजाचा काल्पनिक राजवाडाही नाही. त्यानंतर त्या रात्री गटेचं ‘इफिगेनी’ हे नाटक झालं, ग्रीक कथेवरचं.

आपल्याकडचे पडदे

रंगवलेल्या पडद्यांची ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत इंग्रजी धाटणीची नाट्यगृहं उभी राहिली. विष्णुदास भाव्यांनी १८५३ मध्ये अशाच ग्रँट रोड थिएटरात प्रयोग केले. पुढे पारशी नाटक कंपन्यांनी युरोपीय पद्धतीचे रंगवलेले पडदे लोकप्रिय केले आणि मराठी संगीत नाटकातही राजवाडा, रस्ता, बाग, जंगल असे ठरलेले पडदे आले. गावोगाव फिरणाऱ्या मंडळ्यांना ते सोयीचेही होते. कापड गुंडाळायचं आणि पुढच्या मुक्कामाला निघायचं.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांसाठी असेच पडदे रंगवले. पुढे बाबूराव सिनेमात गेले आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ आला. रंगवलेल्या राजवाड्याकडून कॅमेऱ्याकडे जाणं त्यांना सोपं गेलं असेल तर नवल नाही. कॅमेरा म्हणजे तरी काय, सगळ्या प्रेक्षकांना मिळालेली ती एकच नेमकी खुर्ची!

आज तिथे काय आहे?

‘द मॅजिक फ्लूट’चे मूळ पडदे आज नाहीत, पण शिंकेलची रेखाटनं आणि त्यांवरून केलेली छापील चित्रं उरली. त्यांच्या आधारे बर्लिनच्या श्टाट्सओपरनं १९९४ मध्ये एक नवी निर्मिती केली आणि ताऱ्यांचा तो घुमट पुन्हा रंगमंचावर आला.

जेन्डार्मेनमार्क्टवरच्या नाट्यगृहाचं काय झालं? दुसऱ्या महायुद्धात ते उद्ध्वस्त झालं. पूर्व जर्मनीच्या सरकारनं ते पुन्हा बांधलं आणि १९८४ मध्ये ते उघडलं, पण मैफलींसाठीचं सभागृह म्हणून. बाहेरून शिंकेलची इमारत हुबेहूब उभी आहे. तेच खांब, तोच चौक, बाजूला तीच दोन चर्च. आत मात्र शिंकेलचा रंगमंच नाही. आहे ते त्याच्या शैलीत नव्यानं केलेलं सभागृह.

१८२१ मध्ये लोक खऱ्या नाट्यगृहात बसून त्याचं बाहेरचं चित्र बघत होते. आज चौकात उभं राहिलं की समोर ते चित्रच खरं होऊन उभं असतं आणि ज्याच्यासाठी ते रंगवलं होतं, तो रंगमंच आत सापडत नाही. फरक इतकाच की हे दृश्य बघायला आता राजाची खुर्ची लागत नाही. चौकात कुठेही उभे राहा, दिसतं.